दबोराबाईंची अठरा इंची चाकं

शिरूरमध्ये आज ज्या बायका चारचाकी चालवतात, त्यांतल्या निम्म्याअधिक दबोराबाईंच्या हाताखालून गेलेल्या आहेत. त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे एक छोटी पांढरी गाडी, टपावर 'एल'ची पाटी आणि डाव्या सीटवर बसलेल्या स्वतः बाई. डावीकडे पायाशी शिकवणाऱ्यासाठी जादा ब्रेक असतो, तो बाईंच्या पायाखाली. समोर म्हैस आली, शाळेतली पोरं आली, की शिकणारी किंचाळते आणि बाई ब्रेक दाबतात. इतकी वर्षं हेच केल्यामुळे घरी जेवायला बसल्या तरी त्यांचा पाय मधूनच फरशी दाबायचा.

यजमान जोएल दौंडला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात. आठवडाभर तिथेच खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी घरी यायचे. रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचे. त्यांना गाडी येत नाही. बायकोनं शिकवायचा प्रयत्न केला होता, पण तो एकाच दिवसात दोघांनी मिळून सोडून दिला.

मुलगी नोकरीला लागली आणि बाईंनी मनातली एक गोष्ट बोलून दाखवली. "मला माझ्यासाठी गाडी घ्यायची आहे. उजव्या सीटवर बसायला." पुण्यातल्या एका तरुणाकडून त्यांनी जुनी जपानी स्पोर्ट्स कार घेतली. निळी, दोन दारांची, मागे नावापुरती सीट. गाडी छान होती, इंजिन गोड होतं. चाकांचं मात्र त्या तरुणानं वाटोळं केलं होतं. कंपनीची सोळा इंची चाकं विकून त्यानं बाहेरची अठरा इंची काळी अलॉय बसवली होती. टायर पार गुळगुळीत झालेले, आणि पुढची जोडी एका मापाची तर मागची दुसऱ्याच. नवे टायर घेणं भाग होतं.

त्या शनिवारी जोएल घरी होते, म्हणून दोघं शिक्रापूरला रविराजच्या टायरच्या दुकानात गेले. दुकान हायवेला लागून, बाहेर ट्रकच्या टायरांचे ढीग. रविराजनं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि जोएलना विचारलं, "साहेब, कोणते टाकायचे?"

बाई म्हणाल्या, "ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीचं माप लिहिलंय. दोनशे पाच, पन्नास, सोळा. तुमच्या अठराच्या टायरची एकूण उंची त्याच्याएवढी आली पाहिजे."

"साहेब," रविराज जोएलनाच म्हणाला, "आपल्याकडं दोनशे पंचवीस, चाळीस, अठरा हाय. रिम अठरा, टायर अठरा. बसतोय की."

"बसेल, पण उंच होईल," बाई म्हणाल्या.

"काय न्हाई होत, मॅडम. समदे हेच टाकत्यात. साहेब, तुम्ही सांगा."

जोएल भिडस्त माणूस. कुणी विचारलं की उत्तर द्यायचं, एवढंच त्यांना ठाऊक. ते बायकोकडे वळून म्हणाले, "त्याचं रोजचं काम आहे, दबोरा. घेऊन टाकू." बाईंना दुपारी क्लास होता, ऊन तापलं होतं, मागे ट्रक हॉर्न देत होता. त्या गप्प बसल्या. पुढे कित्येक दिवस त्यांना राग आला तो या गप्प बसण्याचा.

टायर बसले, आणि घासायलाही लागले. सणसवाडीहून जोएलची बहीण आणि तिचा मुलगा मागे बसून आले, तर प्रत्येक स्पीडब्रेकरला चाकावरच्या कमानीतून खर्रकन आवाज. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढून तसाच. वेगाचा काटा ऐंशीवर असला की फोनचं जीपीएस त्र्याऐंशी सांगे, कारण चाक मोठं झालं की दर फेऱ्याला गाडी जास्त पुढे जाते आणि काट्याला त्याचा पत्ता नसतो. बाई परत दुकानात गेल्या. या वेळी एकट्याच.

"साहेब न्हाई आले?" रविराजनं विचारलं.

"गाडी माझी आहे. माझ्याकडे बघून बोला. टायर घासतायत."

रविराज खाली वाकला, बघितलं आणि म्हणाला, "कमानीची कड हातोड्यानं वळवून देतो, आतलं प्लास्टिक कापून टाकतो. मग न्हाई घासणार."

"टायर चुकीचा आणि गाडी कापायची?"

"चुकीचा न्हाई, मॅडम. बसलाय की."

'बसलाय की' या दोन शब्दांनी बाईंचं डोकं उठलं. वापरलेले टायर परत घेणार नाही, हे त्यानं आधीच सांगितलं होतं. त्या घरी आल्या आणि जोएलना दौंडला फोन लावला. "तू का बोललास मधे?" जोएल म्हणाले, "त्यानं मला विचारलं." "विचारलं तर सांगायचं, तिला विचारा!" एवढं बोलून बाईंनी फोन ठेवला.

मग बाईंनी स्वतःच गणित मांडलं. टायरवरचा पहिला आकडा म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे बाजूची भिंत रुंदीच्या किती टक्के उंच. तिसरा रिमचा व्यास, इंचात. रिमचा व्यास आणि वरखाली दोन भिंती मिळवल्या की चाकाची उंची. कंपनीचं चाक सहाशे अकरा मिलिमीटर. रविराजचं सहाशे सदतीस. बाईंनी शोधून काढलं की दोनशे पंधरा, पस्तीस, अठरा घेतला तर सहाशे आठ होतात. जवळजवळ तेवढंच. त्यांना इतका आनंद झाला की टायर पुण्याहून मागवून घेतले, आणि घालायला रविराजकडे न जाता शिरूरमध्येच घातले.

काटा ताळ्यावर आला. घासणं मात्र थांबलं नाही. एकट्या असल्या तर आवाज नाही, मागे कुणी बसलं की पुन्हा खर्र. बाईंनी गणित तीनदा तपासलं. उत्तर तेच येई, आणि गाडी काही ते मान्य करीना. वर त्या पस्तीसच्या भिंतीत रबर असं उरलंच नव्हतं. खडा चाकाखाली आला तरी कमरेला कळायचा. शिकायला येणारी चांगुणा एकदा हौसेनं बसली आणि म्हणाली, "म्याडम, ह्यापरीस आमचा ट्रॅक्टर बरा."

पुढच्या शनिवारी त्या जोएलना आणायला दौंडला निघाल्या. न्हावऱ्याच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्याची कड खाल्ली होती. समोरून ट्रॉली आली, बाईंनी गाडी डावीकडे घेतली आणि पुढचं चाक खड्ड्यात आदळलं. आवाजावरूनच त्यांना कळलं. टायरची भिंत फाटली होती आणि रिम आत दबला होता. त्या उतरल्या आणि गाडीच्या दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. रडू येत होतं, पण रागानं. ट्रॉलीवाला थांबला.

"संगं गडीमाणूस न्हाई का?"

"जॅक आहे," बाई म्हणाल्या. तो निघून गेला.

डिकीच्या तळाशी स्टेपनी होती. कंपनीचं मूळ सोळा इंची लोखंडी चाक, तो तरुण ते विकायचं विसरला असावा. बाईंनी ते आजवर बाहेर काढलंच नव्हतं. वाकलेलं चाक उतरवून आडवं टाकलं तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला कोरलेलं दिसलं: आठ इंच रुंदी, ऑफसेट पस्तीस. स्टेपनीवर होतं: साडेसहा इंच, ऑफसेट पंचेचाळीस. बाई उसाच्या पाचटावर बसून राहिल्या. ऑफसेट म्हणजे चाक ज्या जागी बोल्टनं आवळतात ती जागा त्याच्या मध्यापासून किती बाहेर आहे. आकडा कमी असला की चाक गाडीच्या बाहेर येतं. रुंदी वाढली की आणखी बाहेर. त्यांचं चाक जवळजवळ तीन सेंटिमीटर बाहेर आलं होतं, आणि त्या फक्त उंची मोजत बसल्या होत्या. रविराज निदान न मोजता चुकला होता. आपण मोजून चुकलो, हे त्यांना जास्त लागलं.

स्टेपनी लावून त्या हळूहळू दौंडला पोचल्या. जोएल स्टेशनबाहेर पिशवी घेऊन उभे होते. त्यांनी बायकोचे काळे हात पाहिले. पाण्याची बाटली पुढे केली. बाईंनी हात धुतले आणि म्हणाल्या, "अठरा काढून टाकायचे. सतरा इंच, सात रुंद, ऑफसेट बेचाळीस. टायर दोनशे पाच, पंचेचाळीस. भार पेलायचा आकडा कंपनीपेक्षा कमी नको. एकदाच सांगते."

"मला कशाला सांगतेस?" जोएल म्हणाले. "तुला ठाऊक आहे ना?"

तसे रिम शोधायला बराच काळ गेला. एका दुकानात बोल्टांचं अंतर जुळेना, दुसऱ्यात ऑफसेट. बहुतेकांना ऑफसेट हा शब्दच नवा. एकानं तर 'मॅडम, तो छपाईत असतो' असंही सांगितलं. शेवटी मिळाले ते रविराजच्याच ओळखीतून, त्यामुळे बसवायला पुन्हा शिक्रापूर. काम झालं आणि रविराजनं किल्ली जोएलच्या हातात दिली.

जोएलनी ती घेतली नाही. "मला गाडी येत नाही," ते म्हणाले. "सायकलही बेतानंच येते. गाडी ह्यांची आहे."

रविराज हसला. साहेब चेष्टा करतायत असं त्याला वाटलं. बाईंनी किल्ली घेतली आणि म्हणाल्या, "रविराज, मागे बसा. तुमच्या मिस्त्रीलाही घ्या."

दोन धट्टीकट्टी माणसं गुडघे हनुवटीला लावून मागे बसली. जोएल पुढे डावीकडे बसले. बाईंनी गाडी काढली, सर्व्हिस रोडच्या स्पीडब्रेकरवर एकदा सरळ नेली, एकदा तिरकी. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे. कुठेही आवाज नाही. फोन आणि काटा जवळपास बरोबर.  बाईंनी आरशात पाहिलं.

"काय, रविराज?"

"न्हाई वाजत, व्हय," रविराज म्हणाला. मग जरा पुढे झुकून जोएलच्या खांद्याशी तोंड नेऊन म्हणाला, "पर साहेब, चाकं लई आत गेल्यात. स्पेसर हाय आपल्याकडं. टाकला की चाक भाईर येतं, गाडी कशी भारी दिसती."

बाईंनी गाडी दुकानासमोर आणून उभी केली, खाली उतरून सीट पुढे पाडली आणि दोघांना बाहेर काढलं. जोएल खिडकीबाहेर पाहत होते. त्यांचे खांदे हलत होते. हसू दाबत होते.

"हसू नको," बाई म्हणाल्या.

"नाही हसत."

हायवेला लागल्या तर चौकात ट्रकांची रांग. कंपन्यांची शिफ्ट सुटली होती, बस आडव्या, टेम्पो आडवे, मधून दुचाक्या. पुढचं काही हलेना. बाईंनी पहिला गिअर टाकला, क्लच हळू सोडला आणि गाडी हातभर पुढे सरकवून पुन्हा उभी केली.