कायदाबाईची खिडकी

माझ्या मावशीला सगळी इमारत तोंडावर 'ताई' म्हणायची आणि पाठ वळली की 'कायदाबाई'. लहानपणी मला याचा राग यायचा. आता वाटतं, लोक फार चुकत नव्हते.

सरकारने कामगारांसाठी बांधलेली शहरातली ती पहिली वसाहत. मधे अंगण, प्रत्येक घरात स्वतःचा नळ. नळ बघून मावशी रडली होती म्हणे. त्याआधी ती भाड्याच्या खोलीत वाढली. तिच्या वडिलांनी मोरीसाठी भिंतीत भोक पाडलं, तर घरमालकाने भांडीकुंडी रस्त्यावर फेकली होती. त्यामुळे नव्या घराची किल्ली देताना वसाहतीच्या कार्यालयातले साहेब जे म्हणाले, "बांधकामात फेरफार केलात तर घर जाईल," ते तिने गाठीला बांधून ठेवलं.

घर झकास, पण स्वयंपाकघराला खिडकी नाही. नकाशा काढणाऱ्याने जन्मात कधी चूल पेटवली नसावी, दुसरं काय! आणि मावशीचा सगळा दिवस त्याच खोलीत. ती डॉक्टरांचे कोट घरी उकळून, खळ घालून, इस्त्री करून द्यायची. वाफ छताला लागून परत तिच्याच डोक्यावर ठिबकायची. भिंतींना बुरशी आणि मावशीला बारमाही खोकला. भिंतीपलीकडे अंगण होतं. सुट्टीत मी तिथे खेळायचे, तो आवाज तिला ऐकू यायचा, वारा मात्र लागायचा नाही.

समोरच्या घरात एक गवंडी राहायचा. तो म्हणायचा, "ताई, तुम्ही फक्त चहा टाका. दोन तासांत भिंतीत खिडकी पाडून देतो."

"परवानगी येऊ दे."

"ती येईपर्यंत आपण वर जाऊ!"

त्याने एकेक करून सगळ्यांच्या खिडक्या पाडल्या. कार्यालयाचा माणूस यायचा, कानाडोळा करायचा, चहा पिऊन जायचा. मावशी मात्र दरवर्षी अर्ज घेऊन कार्यालयात हजर. कधी साहेब रजेवर, कधी साहेब नवे. काका वैतागून म्हणायचे, "अगं, सरळ बोटाने तूप निघत नाही."

"आणि वाकडं बोट करून घर गेलं तर?"

 पुढे काकाही गेले, खोकला तेवढा राहिला.

मग कोणाला तरी शोध लागला की ही वसाहत ऐतिहासिक आहे. पाहणीला माणसं आली. मूळ रूपात एकच घर उरलं होतं, मावशीचं. त्यांच्यातल्या एका चष्मेवाल्या बाईंनी तिचे हात हातात घेतले. "किती जपलंत हो तुम्ही हे!"

मावशीने आशेने विचारलं, "मग आता तरी खिडकी मिळेल?"

बाई दचकल्या. "छे छे! आता तर मुळीच नाही."

बाकीच्यांच्या खिडक्या मात्र जशा आहेत तशा कायम झाल्या. मला तिथेच कोणाचं तरी डोकं फोडावंसं वाटलं. मावशीच्या घराचं संग्रहालय करायचं ठरलं आणि तिला मागच्या इमारतीत दुसरं घर मिळालं. त्याला खिडकी होती. खिडकीसमोर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत होती.

संग्रहालय सुरू झाल्यावर बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघी बघायला गेलो. शेगडीवर तिचं पातेलं, खुंटीवर पांढरा कोट. आणि अंगणाकडच्या भिंतीला ही एवढी खिडकी! झुळझुळ वारा येत होता.

तिकीटवाल्या बाई म्हणाल्या, "उन्हाळ्यात पाहुण्यांना इथे गुदमरायचं. एकांना तर चक्कर आली. म्हणून पाडली."

माझं टाळकंच सरकलं. मी तोंड उघडणार, तोच मावशीने माझा दंड धरला. तिने हळूच विचारलं, "परवानगी कोणी दिली?"

"परवानगी कसली, आजी? गवंडी बोलावला, दोन तासांत झालं काम."

मावशीने चौकटीवरून हात फिरवला. अंगणात पोरं खेळत होती, त्यांच्याकडे ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने खिडकी ओढून घेतली, कडी घातली आणि शेगडीपाशी जाऊन उभी राहिली.

"असं होतं माझं घर," ती त्या बाईंना म्हणाली. "आता थांबा जरा इथे माझ्याबरोबर."