यादीत न लिहिलेला रपटा

देवमन खिल्लारे आमच्या बोरवाडीला ग्रामसेवक म्हणून आला तेव्हा पंचविशीच्या आतबाहेरचा असेल. मूळचा किन्हीराजा गावाकडचा. बाप सालदार, वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी; आई लोकांच्या वावरात निंदणाला जाणारी. सरकारी पगार घेणारा त्या घरातला तो पहिलाच माणूस. मी गावच्या शाळेत चौथीचा वर्ग शिकवीत होतो. गाव शिरपूरच्या बसथांब्यापासून तीन मैल आत, त्यामुळे बाहेरून नोकरीला आलेले आम्ही दोघं आपोआप एकमेकांना धरून राहू लागलो.

तो ग्रामपंचायतीच्या कचेरीमागच्या खोलीत राहायचा आणि जेवायला बौद्धपुऱ्यात सोजरबाईकडे जायचा. सोजरबाई विधवा. मजुरी करायची आणि वच्छला नावाच्या नातीला वाढवायची. वच्छला पुढे माझ्याच वर्गात आली. देवमन पहिल्या महिन्यात खाणावळीचे पैसे द्यायला गेला तर सोजरबाई म्हणाली, "आपल्यातला पोरगा सायेब झाला, त्याच्या भाकरीचे पैसे घेऊ काय मी?" शेवटी तो ज्वारी आणून टाकायला लागला.

गाव आणि बौद्धपुरा यांच्यामधून नाला वाहतो. त्यावर दगडी रपटा होता, म्हणजे जेमतेम गुडघाभर उंचीचा पूल. बौद्धपुऱ्यातली अठरा मुलं त्याच रपट्यावरून शाळेत यायची.

देवमन कामाला चोख होता. अक्षर सुंदर, सदऱ्याचं वरचं बटणही लावलेलं. एकदा त्यानं ग्रामपंचायतीच्या ठरावातून बौद्धपुऱ्यात कंदिलाचा खांब उभा करवला. दुसऱ्या दिवशी चावडीवर कोणीतरी सहज बोललं, "खिल्लारे सायेब आपल्या लोकाइचं बरोबर पाहून राह्यले." लोक हसले. देवमनही हसला. बोलणाऱ्याच्या मनात फारसं काही नसावं, पण ते वाक्य देवमनच्या अंगात रुतून बसलं. तेव्हापासून बौद्धपुऱ्याचं काम कागदावर आलं की हात जड होतो, हे त्यानं मला फार उशिरा सांगितलं.

सन १९७४च्या मे महिन्यात, भर दुपारी, वावधान सुटलं. तासाभरात शाळेचे टिनपत्रे उडून पाटलाच्या आमराईत जाऊन पडले. मोठ्या विहिरीवर चिंच कोसळली आणि कठडा फुटला. वर कुठेतरी ढगफुटी झाली असावी, कारण वारा थांबल्यावर नाल्याला लालभडक पूर आला आणि रपट्याचे दगड उचलून घेऊन गेला. माणसं वाचली. दोन बैल आणि काही शेळ्या गेल्या.

चार दिवसांनी तालुक्याहून पत्र आलं. वादळात गावाच्या सामाईक मालमत्तेचं जे नुकसान झालं त्याची यादी आठ दिवसांत पाठवा. दुरुस्तीचे तीन हिस्से पंचायत समिती देईल, चौथा हिस्सा गावानं वर्गणीतून किंवा अंगमेहनतीनं उभा करायचा. यादीत असेल तेवढंच ओव्हरसियर मोजणार. यादीत नसलेल्याला पैसा नाही.

देवमननं यादी लिहिली. एक, शाळेचं छत. दोन, विहिरीचा कठडा. मग तीनचा आकडा घातला आणि थांबला. सरपंच दौलतराव काय म्हणतील, चावडीवर काय बोलतील, तालुक्याचा बाबू आडनाव वाचून मनात काय आणेल, असं सगळं त्याच्यापुढे उभं राहिलं. मनाची समजूत घालायला त्याला कारणही सापडलं, की लांब यादी वर अडकून पडते. त्यानं तीनचा आकडा खोडला. रपटा सोडून दे, असं त्याला कोणीही सांगितलं नव्हतं. दौलतरावांनी यादीवर सही केली आणि कागद तालुक्याला गेला.

त्याच आठवड्यात जेवायला वाढताना सोजरबाईनं विचारलं, "देवमन बापू, रपट्याचं लिवलं ना?"

"हो," देवमन म्हणाला.

"मंग झालं," ती म्हणाली आणि आणखी एक भाकरी त्याच्या ताटात टाकली.

छत लवकर मंजूर झालं. चौथ्या हिश्श्याची मेहनत करायला सगळ्यांत आधी बौद्धपुरा आला. जानराव नावाचा एक धिप्पाड माणूस होता. त्यानं आणि सोजरबाईनं घराघरांतून माणसं काढली. आमराईतून वाकडे झालेले पत्रे त्यांनी डोक्यावर वाहून आणले, भिंतीसाठी माती कालवली. मी सोजरबाईला म्हणालो, "मावशी, बसा जरा." ती म्हणाली, "गुरुजी, आज शाळा होते, उद्या आमचा रपटा होईन. तवा हे लोकं येतीनच ना आमच्याकडे." देवमन तिथेच माप घेत उभा होता. त्यानं मान वर केली नाही.

शाळा जूनच्या शेवटी नव्या छताखाली भरली. जुलैत नाला भरून वाहू लागला आणि बौद्धपुऱ्यातली मुलं यायची बंद झाली. पाणी ओसरलं की जानराव दोघातिघांना खांद्यावर घेऊन आणून सोडायचा. बाकीची घरीच. मी रोज हजेरी घ्यायचो, त्यांच्या नावापुढे गैरहजर लिहायचो आणि पुढचं नाव घ्यायचो. रपट्याचं काय झालं, हे मी देवमनला एकदाही विचारलं नाही. माझ्या डोक्यावरचं छत गळत नव्हतं.

देवमननं पुऱ्यात जेवायला जाणं सोडलं. पाण्याचं निमित्त होतंच. खोलीतच खिचडी शिजवू लागला. पण सोजरबाई जानरावबरोबर फडक्यात बांधलेली भाकरी पाठवायची, आणि छातीभर पाण्यातून ती त्याच्यापर्यंत कोरडी पोचायची.

ऑगस्टच्या सुरुवातीला एक दिवस सोजरबाई स्वतः आली. कमरेपर्यंत भिजलेली, वच्छलेचा हात धरलेला. मधली सुटी होती. देवमन माझ्याजवळ शाळेच्या ओसरीत बसला होता.

"बापू, जानराव काल तालुक्याले गेल्ता," ती म्हणाली. "तिथचा बाबू म्हने, तुमच्या गावचा रपटा कागदावरच नाई. मी जानरावले म्हनलं, तुले बरोबर आयकू आलं नसन. आमच्या देवमननं लिवला हाय. तो कागद तुयापाशी असन ना? पोरीले वाचू दे. म्हंजे जानरावच्या तोंडावर सांगता येईन."

देवमन उठला. कागद सापडत नाही, असं तो म्हणू शकला असता. पण कचेरीत जाऊन त्यानं यादीची कार्बन नक्कल आणली आणि वच्छलेच्या हातात दिली.

वच्छला वर्गात धडा वाचायची तशीच उभी राहिली, ताठ, खणखणीत आवाजात. "एक. शाळेच्या इमारतीचे छत. दोन. सार्वजनिक विहिरीचा कठडा. तीन." ती थांबली. कागद डोळ्यांजवळ नेला. "आजी, तीन खोडलं हाय. त्याच्यापुढं काईच नाई. खाली सरपंचाची सही हाय."

सोजरबाई देवमनकडे पाहत राहिली. तो ओसरीच्या खांबाला धरून उभा होता आणि त्याची मान छातीला टेकली होती.

"कोन खोडाले लावलं?" तिनं विचारलं.

"कोनीच नाई, मावशी. मीच खोडलं. लोकं म्हनतीन आपल्याच लोकाइचं पाह्यते, म्हून भेलो."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं कागदाची घडी घातली, त्याच्या हातात परत दिली आणि म्हणाली, "आमी तुले आपला म्हनलं, त्याची तुले अडचन झाली म्हन ना." मग नातीला घेऊन नाल्याकडे चालू लागली. मी तिथेच बसून होतो. घंटा वाजवायची वेळ टळून गेली तरी मला उठवेना.

दुसऱ्या दिवशी पहाटेच देवमन चालत शिरपूरला आणि तिथून बसनं तालुक्याला गेला. सोबत स्वतःच्या हातानं लिहिलेलं पत्र होतं. त्यात लिहिलं होतं, की रपट्याचं नुकसान मला ठाऊक असून मी जाणूनबुजून यादीत घातलं नाही. गटविकास अधिकारी भला माणूस होता. त्यानं पत्र दोनदा वाचलं. "अहो, नजरचुकीनं राहिलं असं लिहा," तो म्हणाला. देवमन म्हणाला, "नजरचूक नव्हती, साहेब." मोजमापं जिल्ह्याला, अकोल्याला गेली होती, वाटणी ठरली होती. रपट्याला पैसा मिळाला नाही. देवमनची मात्र एक वेतनवाढ रोखली गेली.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर शाळेतच ग्रामसभा भरली. त्या दिवशी पाणी कमी होतं, त्यामुळे बौद्धपुऱ्यातली बरीच माणसं आली होती. देवमननं उभं राहून सगळं सांगितलं. मागच्यांना ऐकू गेलं नाही, त्यांनी ओरडून पुन्हा बोलायला लावलं, आणि त्याला ते दोनदा सांगावं लागलं.

जानराव उठला. "मंग आमी हे पत्रे काहून वाह्यले?" त्यानं वर बोट केलं.

मग दौलतराव उभे राहिले. "ग्रामसेवकानं लिवलं नाई, हे खरं. पन मी सही वाचून केली. रपटा दिसला नाई, हे मले तवाच समजलं होतं. मले वाटलं, कोनी म्हनन तर पाहू." एवढं बोलून ते खाली बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. मग बसल्याबसल्याच म्हणाले, "चावडीच्या फरशीले जे पैसे ठेवले, ते रपट्याले लावा." एकदोघं कुरकुरले, पण ठराव झाला.

दिवाळीनंतर पाणी आटलं तेव्हा काम सुरू झालं. दौलतरावांच्या बैलबंड्यांनी दगड आणले. गावातली माणसं आली, सगळी नाही, निम्मीच. देवमन कचेरीचं काम आटोपून रोज दगड वाहायचा. सवय नव्हती, हाताची सालं निघाली. सोजरबाई त्याला एकदाच बोलली, "हात फोडून घेतले म्हंजे काय होते?" तो पुढचा दगड उचलायला वाकला. जेवायला मात्र तिनं त्याला परत बोलावलं नाही आणि तोही गेला नाही.

रपटा झाला. पण मुलांचं ते वर्ष बुडालं. वच्छला दुसऱ्या वर्षी पुन्हा चौथीला बसली आणि पास झाली. लीला आणि भागिरथा या दोघी मात्र त्या पावसाळ्यात निंदणाला जाऊ लागल्या त्या शाळेत परतल्याच नाहीत. मी त्यांच्या घरी दोनदा गेलो. जायला उशीर झाला होता.

देवमननं बदली मागून घेतली. पुढे चार वर्षांनी तो मला मंगरूळपीरच्या बसस्टँडवर भेटला. कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. चहा घेताना त्यानं गावाचं काही विचारलं नाही, त्या दोन मुलींचं विचारलं, नावं घेऊन. लीलाचं लग्न झालं, भागिरथा अजून मजुरीला जाते, असं मी सांगितलं. त्यानं मान हलवली आणि कपात पाहत राहिला. त्याची बस लागली. दारात पाय ठेवून तो म्हणाला, "गुरुजी, मी भेटलो हे सोजरमावशीले सांगू नका."

मी हो म्हणालो, पण गावात पोचल्यावर आधी तिच्याकडेच गेलो. ती अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मी सांगितलं तेव्हा तिचे हात थांबले.

"लय वाळला काय?" तिनं विचारलं.

"थोडासा," मी म्हणालो.