एकट्याची टाळी

गणितवाल्यांच्या सभेत चहा घेऊन गेलो, तर तरुण मॅडम फळ्यासमोर गप्प उभ्या. मला वाटलं भाषण संपलं. ट्रे ठेवला आणि टाळ्या वाजवल्या. एकट्यानंच!

पुढं बसलेले म्हातारे सर हळूच म्हणाले, "अहो भाऊ, थांबा. त्यांची एक पायरी अडलीय."

शाळेतनं ज्याला गणितानंच पळवून लावलं, तो मी मॅडमना पास करायला निघालो होतो.

मॅडमनी पुन्हा फळा वाचला आणि ती ओळ स्वतःच पुसली. "सर, इथं चुकलंय माझं." सगळ्या जाणकारांसमोर त्यांचं नाव पणाला लागलेलं. पण कुणी हसलं नाही. सर म्हणाले, "बाकीचं पक्कं आहे. सोमवारी या, दोघं बसून बघू." तेवढ्यानं मॅडमचा चेहरा उजळला. माझ्या टाळ्यांनी काही झालं नव्हतं.

मी लग्नाकार्यात विनोद सांगून नाव कमावलेला माणूस. पंगतीतले पाव्हणे हसतात, मी फुगतो. आमच्या गल्लीतला चंदूही विनोद सांगतो, पण माझ्या विनोदाला तो कधी हसत नाही. "जळतो मेला," असं मी सगळ्यांना सांगत आलो.

कप गोळा करताना चंदू आठवला आणि मान वर होईना. विनोदातलं खरं कळणारा गल्लीत तो एकटाच आहे.