पुन्हा शिजवलेली हळद

शिजत्या हळदीचा वास आला की मला किन्हीराजा गावातलं ते अंगण आठवतं. उन्हात आणि सावलीत वाळवलेल्या हळदीच्या रंगावरचा आमचा शोधनिबंध छापण्याआधी एका अनोळखी परीक्षकाकडे गेला होता. त्यांनी एकच विचारलं, दोन्ही हळदी एकाच शेतातल्या होत्या का? नव्हत्या! आमचा सगळा निष्कर्षच डळमळला. "मॅडम, यायनं तं आपल्याले पुन्हा हळद शिजवाले लावली," माझा सहकारी कपाळाला हात लावून म्हणाला. मग त्या अंगणात एकाच शेतातली हळद शिजवून अर्धी उन्हात, अर्धी सावलीत पसरली. वाळल्यावर मोडून पाहिली, तर सावलीतली अगदी केशरासारखी! आमचा निष्कर्ष टिकला होता. आम्ही पिवळ्या हातांनी एकमेकांना टाळ्या दिल्या. आता इतरांचे निबंध माझ्याकडे तपासायला येतात. माझं नाव त्यांना कळत नाही, पण कुणाला पुन्हा कामाला लावताना मला त्यांचे पिवळे हात आधीच दिसतात.