जर्मन संगीतकार आणि माझा वन्स मोअर

ग्लासगोच्या ज्या हॉस्पिटलात मी नाक-कान-घसा विभागात रजिस्ट्रार, म्हणजे हाताखालचा डॉक्टर होतो, तिथल्या आमच्या बड्या कन्सल्टंटकडे एक मानाचं काम होतं. शहरात ऑपेरा बसवला जात असला की गायकांच्या गळ्यांवर लक्ष ठेवायचं. मान त्यांचा, काम माझं. त्यांना स्वतःला ऑपेरा सोसत नसे. "तुला गाण्याची आवड आहे ना? मग तूच जा," असं म्हणून ते गोल्फला निघून गेले. मला गाण्याची आवड आहे हे त्यांना कुणी सांगितलं? मीच. नोकरीच्या मुलाखतीत दुसरं काही सुचलं नव्हतं म्हणून.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. त्या हिवाळ्यात एका जर्मन संगीतकाराचा नवा ऑपेरा ब्रिटनमध्ये पहिल्यांदाच होणार होता आणि तो बसवून घ्यायला संगीतकार स्वतः ग्लासगोला आला होता. त्याचं नाव सांगत नाही. तो अजून लिहितो आहे आणि मी अजून त्याला थोडा घाबरतो.

माझी बायको कौन्सिलच्या लायब्ररीत काम करायची. तिनं त्याच्या जुन्या ऑपेराची रेकॉर्ड घरी आणली. आम्ही जेवणं आटपून, चहाचे कप घेऊन, सोफ्यावर श्रद्धेनं बसलो. आधी कुणीतरी लोखंडी पत्रा फरशीवरून ओढत नेला. मग एक बाई एकाच स्वरावर बराच वेळ किंचाळली. मग इतकी लांब शांतता पसरली की रेकॉर्ड संपली समजून मी उठलो, तेवढ्यात धाडधाड आवाज आला. "हे चांगलं आहे हं," मी म्हणालो. बायको म्हणाली, "अहो, ते शेजारी भिंत ठोकतायत."

नवा ऑपेरा एका धरणाखाली जाणाऱ्या गावाचा होता. सगळे गाव सोडून जातात, एक बाई जात नाही. ही बाई करणारी गायिका वेल्सची होती. धिप्पाड, हसरी, आणि शिव्या द्यायला लागली की तिन्ही सप्तकांत देणारी. तालमीच्या पहिल्याच दिवशी ती स्टेजवर ओरडत कोसळली आणि मी बॅग घेऊन धावत विंगेपर्यंत पोचलो. तिथल्या माणसानं माझी कॉलर धरली. "डॉक्टर, ती दुसऱ्या पानापासून अशीच आहे." संगीतकारानं मात्र मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच हसला. नंतर कँटीनमध्ये ट्रे घेऊन माझ्यासमोर येऊन बसला.

"तुम्ही उठलात," तो म्हणाला. "माझ्या संगीतानं आजवर लोक उठलेत, पण ते दाराकडे जायला."

उंच, पन्नाशी ओलांडलेला, आणि कितीही गरम होत असलं तरी कोटाची सगळी बटणं लावून बसणारा माणूस. रोजचं सूप आणि ब्रेड खाताखाता त्यानं मला आपली सगळी कारकीर्द सांगितली, कारण तिथे त्याच्या हाताखाली नसलेला मी एकटाच होतो. त्याचं लहानपण बॉम्बनी सपाट झालेल्या गावात गेलं. ज्या लाउडस्पीकरवरून आधी युद्धाची भाषणं व्हायची त्याच लाउडस्पीकरवरून गोड, भव्य, छाती फुगवणाऱ्या चाली वाजायच्या. "म्हणून आम्ही काही मित्रांनी विशीत ठरवलं," तो म्हणाला, "की गोड वाटेल असं काहीही लिहायचं नाही. ऐकणाऱ्याला पुन्हा कधी गुंगी येऊ द्यायची नाही." मग पत्रे आले, साखळ्या आल्या, शांतता आल्या. प्रेक्षकांनी आधी शिट्या मारल्या, मग त्या शिट्यांमुळेच तो प्रसिद्ध झाला, बक्षिसं आली, प्रोफेसरकी आली.

"आणि आता?" मी विचारलं.

"आता या ऑपेरात एक गाणं आहे," तो म्हणाला. पेशंट 'मला आत काहीतरी गाठ झालीय' असं सांगतात ना, तसल्या आवाजात.

शेवटच्या अंकात ती बाई घरात एकटी उरते, पाणी गुडघ्याशी येतं आणि ती गाते. नुसतं सरळ गाते. चाल असलेलं, कुणालाही घरी जाताना गुणगुणता येईल असं. त्यानं ते का लिहिलं? "मी आधी तिला किंचाळायलाच लावलं होतं. पण ती बाई माझ्यासारखी वाटायला लागली. तिच्यासारखी वाटेना." जर्मनीत पहिल्या प्रयोगानंतर त्याच्या त्या जुन्या मंडळींपैकी एकानं, सगळ्यात जवळच्यानं, पेपरात लिहिलं की हा माणूस दमला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. एका खोलीत राहून, एका स्टोव्हवर रांधून शिकलेले दोघे. आता तो मित्र ग्लासगोच्या पहिल्या प्रयोगालाही येणार होता, परीक्षण लिहायला. आणि संगीतकार रोज सकाळी ठरवत होता की गाणं कापायचं आणि संध्याकाळपर्यंत त्याला कापवत नव्हतं.

मी म्हणालो, "कापू नका." मी ते गाणं तोवर ऐकलंही नव्हतं, पण सल्ला द्यायला आपल्याला कधी काही लागतं का?

इकडे गायिकेचा गळा दुखायला लागला होता. आरशातून स्वरतंतू बघितले, थोडे लाल होते. मी बजावलं, "तालमीत मोकळ्या आवाजात गायचं नाही. हातचं राखून, अर्ध्या आवाजात. कुजबुजायचंही नाही, त्यानं जास्त ताण येतो." ती म्हणाली, "नवऱ्यावर ओरडलं तर चालेल?" म्हटलं, "प्रयोग झाल्यावर."

रंगीत तालमीला मी बायकोला घेऊन गेलो. मागे काही निमंत्रित, काही निवृत्त मंडळी बसली होती. अंधारात आमच्या पुढच्या रांगेत संगीतकार एकटाच बसलेला. पहिले दोन अंक मी सभ्यपणे सोसले. मग शेवटच्या अंकात पाणी चढलं, वाद्यं एकेक करून गप्प झाली, आणि ती बाई गायला लागली.

मी सांगलीकडचा. लहानपणी मामा मला संगीत नाटकांना न्यायचा. आमच्या त्या भागात या मामाची ख्याती एवढ्यासाठीच होती की त्याचा 'वन्स मोअर' अख्ख्या थिएटरात सगळ्यात आधी पडायचा. पद संपून सूर हवेत असतानाच. त्याचं म्हणणं, टाळ्या कुणीही वाजवतो, पण पुन्हा मागायला छाती लागते. मामाच्या जोरावर मी विष प्यालेल्या राजांना उठवून गायला लावलेलं पाहिलं होतं. ते बिचारे उठायचे, गायचे आणि परत मरायचे.

तर गाणं संपलं. सूर हवेत होता. आणि माझ्या तोंडून, पुढचंमागचं काही न आठवता, मामा बाहेर पडला.

"वन्स मोअर!"

बायकोनं माझा दंड इतक्या जोरात धरला की वळ उठला. पण त्याहून मोठा घोटाळा पुढे स्टेजवर झाला होता. इतकी वर्षं मला वाटायचं की ही वन्स मोअरची रीत आपल्याला साहेबानंच दिली असणार, शब्द तर त्याचेच आहेत. साहेबाच्या देशात ऑपेराच्या मध्ये असं कुणी मागत नाही. तालमीत अंधारातून असं ओरडण्याचा अधिकार एकाच माणसाला असतो, आणि तो माझ्या पुढच्या रांगेत बसला होता. वाद्यवृंद चालवणाऱ्या कंडक्टरला वाटलं, हुकूम संगीतकाराचाच. त्यानं काठी वर केली, वादकांनी पानं मागे उलटली आणि पाणी परत गुडघ्याखाली उतरवण्यात आलं.

मी पुढे वाकून संगीतकाराच्या कानाशी लागलो. "तुम्ही नव्हे, मी होतो. थांबवा त्यांना!"

"श्श," तो म्हणाला.

आणि गायिकेनं, संगीतकारालाच हवंय म्हटल्यावर, हातचं काही राखलं नाही. ते गाणं तिनं मोकळ्या, भरल्या आवाजात, पुन्हा सगळं म्हटलं. तिला गाऊ नकोस सांगणारा डॉक्टर खुर्चीत मान खाली घालून बसला होता, आणि खरं सांगायचं तर त्याला ते थांबू नये असंच वाटत होतं. शेवटी पुढच्या रांगेतले खांदे हलले. संगीतकारानं कोटाचं वरचं एक बटण काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे क्लिनिकमध्ये हजर. तिचा आवाज बसला होता. मी तिच्या जिभेला कापडाचा तुकडा गुंडाळून जीभ बाहेर धरली, आरसा स्पिरिटच्या दिव्यावर गरम करून आत घातला. "ई म्हणा." "ईऽ." तंतू सुजले होते, पण नुसते सुजलेले. दोन दिवस पूर्ण मौन, वाफ, आणि मग ठीक.

"एक शब्दही बोलायचा नाही," मी तिला म्हटलं. तिनं मान डोलावली.

मग संगीतकार खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "डॉक्टर, मला एक दाखला द्या. की ते गाणं तिच्या गळ्याला झेपणार नाही. वैद्यकीय कारणासाठी वगळलं, असं कार्यक्रमपत्रिकेत छापता येईल."

माझ्या ते लक्षात यायला थोडा वेळ लागला. म्हणजे मित्र म्हणणार नाही की हा दमला. आणि त्याला स्वतःलाही म्हणावं लागणार नाही की आपण घाबरलो. दोष सगळा गळ्याचा.

गायिकेनं टेबलावर मूठ आपटली. बोलायची बंदी, म्हणून तिनं आधी त्याच्याकडे बोट केलं, मग कपाळाकडे, मग ते बोट गोल फिरवलं. वेल्समध्ये याचा अर्थ काय होतो माहीत नाही, सांगलीत जो होतो तोच असावा. मग माझ्याकडे वळून दोन्ही हात जोडले.

लिहून देणं सोपं होतं हो. तंतू सुजलेले होतेच, कुणी विचारलं नसतं. शिवाय ते सुजले होते माझ्याच मामागिरीमुळे, तेव्हा सही करून मोकळं व्हावं असं मलाही वाटत होतं. मी पेन काढलंसुद्धा.

"तुम्ही काल थांबवलं का नाहीत?" मी विचारलं. "मी सांगितलं होतं ना, ओरडणारा मी होतो."

तो खिडकीबाहेर पार्किंगकडे बघत म्हणाला, "कारण माझ्या आयुष्यात माझं काही पुन्हा कुणी मागितलं नव्हतं."

आता यावर माणसानं काय सही करायची?

मी पेन खिशात घातलं आणि, आपल्याला जे खरोखर कळतं तेवढंच बोलावं म्हणून, डॉक्टरसारखा बोललो. "हे बघा, मला संगीतातलं कळत नाही. गळ्यातलं कळतं. गाण्यानं हिचा गळा बिघडलेला नाही. कालचं दुसऱ्यांदा गाणं हे नुसतं निमित्त. तुमच्या पहिल्या दोन अंकांतल्या किंकाळ्यांनी तो महिनाभर बिघडतोय. तुमच्या सगळ्या ऑपेरात स्वरतंतूंना विसावा मिळतो तो तेवढ्या गाण्यात. वैद्यकीय कारणासाठी काही काढायचंच असेल तर बाकीचं सगळं काढा आणि तेवढं ठेवा. तसा दाखला हवा असेल तर आत्ता देतो."

गायिका मूकपणे इतकी हसली की मला भीती वाटली, सूज वाढेल. संगीतकार हसला नाही. उठला, तिचा कोट तिच्यासमोर धरला, आणि दारातून म्हणाला, "किंकाळ्या मी काढणार नाही."

"मी कुठे म्हटलं, काढाच?"

"गाणंही नाही," तो म्हणाला, आणि गेला.

पहिल्या प्रयोगाला बायकोनं मला रांगेच्या अगदी आतल्या बाजूला, भिंतीकडे बसवलं. किंकाळ्या होत्या, पत्रे होते, शांतता होत्या, आणि मग पाणी चढलं आणि गाणं आलं. संपल्यावर कुणी काही मागितलं नाही. मागून एका माणसानं शिटी मारली, बऱ्याच जणांनी त्याला गप्प केलं. पडदा पडल्यावर टाळ्या झाल्या, भरपूर नाहीत, पण बराच वेळ.

बाहेरच्या दालनात संगीतकार एका बुटक्या, टकल्या, चष्मेवाल्या माणसासमोर उभा होता. दोघेही एकमेकांच्या बुटांकडे बघत होते. गायिका माझ्या कानाशी पुटपुटली, "तोच तो मित्र." मी सटकणार एवढ्यात संगीतकारानं माझा हात पकडून मला ओढलं आणि इंग्रजीत त्याला म्हणाला, "हे डॉक्टर. गाणं कापता यावं म्हणून मी यांच्याकडे हिचा गळा आजारी ठरवून घ्यायला गेलो होतो. यांनी ठरवलं नाही."

टकल्या माणसानं मला चष्म्यावरून खालीवर पाहिलं. मग संगीतकाराला जर्मनमध्ये काहीतरी म्हणाला, छोटंसं, कोरडं.

"काय म्हणाला?" मी गायिकेला विचारलं. तिला गाण्यापुरतं जर्मन येत होतं.

"म्हणाला, मग दुसऱ्या डॉक्टरकडे जायचं होतंस."

संगीतकार यावर लांबलचक काहीतरी बोलला. टकल्यानं मध्येच तोडलं. संगीतकारानं त्याला तोडलं. दोघांचे आवाज चढले, हात हलायला लागले, आणि मला वाटलं, झालं, आता हे मारामारीवर जाणार आणि मुळाशी मी. पण ते तसेच भांडतभांडत दाराकडे गेले. कोटांच्या खोलीतली मुलगी त्यांच्यामागे "सर! सर!" करत धावली, तरी कोट न घेताच दोघे ग्लासगोच्या पावसात उतरले. काचेतून दिसलं, टकल्या माणूस एका हातानं हवेत सूर चढवून दाखवत होता, चढवायला कसा नको होता ते, आणि दुसरा मान हलवत होता.

मी दोन्ही कोट उचलले. बायकोनं माझ्या हातातून ते काढून घेतले आणि परत त्या मुलीला दिले.

"राहू द्या हो," ती म्हणाली. "भिजू दे त्यांना."