पानावरचा आडवा हात

पुतणीच्या केळवणाची पंगत बसली होती. मसालेभात आला आणि मी पानावर आडवा हात धरला. कोशिंबीरही नको म्हटलं. वाढणाऱ्या काकू थबकल्या. "अगं, डाएट का?" मी हसून मान डोलावली. "बारीक व्हायचंय हिला!" शेजारून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

माझ्या आतड्याला कायमची सूज आहे. तिखट, कच्चं काही पोटात गेलं की दिवसभर संडासाचं दार सुटत नाही. पण जेवत्या पंगतीत हे बोलायचं कसं? गुडघ्याचं दुखणं माणसं चारचौघांत रंगवून सांगतात, हृदयाचं तर जरा ऐटीतच. आतड्याचं मात्र असं हाताखाली झाकायचं. आजारी दिसण्यापेक्षा नखरेल दिसणं मला परवडतं, आणि खरी लाज त्याचीच वाटते.

काकू परत आल्या. हातातल्या वाटीत ताकात कालवलेला मऊ भात होता. वाकून माझ्या कानाशी म्हणाल्या, "तुझे काकाही शेवटपर्यंत सगळ्यांना डाएटच सांगत राहिले गं."

मान वर न करता मी पानावरचा हात काढला.