पालक, हजर

पालकसभेत हजेरी घेताना स्वतःच्या मुलीचं नाव आलं की बाई खुर्चीवरून उठायच्या, समोर सतरंजीवर बायांमध्ये जाऊन बसायच्या, "हजर" म्हणायच्या आणि परत खुर्चीत येऊन पुढचं नाव वाचायच्या. नव्या बायांना हसू यायचं. जुन्या बाया सरकून जागा करायच्या.

जुन्या जालन्यातल्या आमच्या गल्लीची ही बालवाडी. अशा बाई तुम्हीही पाहिल्या असतील: अख्ख्या गल्लीतल्या पोरांचा शेंबूड पुसायचा, आणि स्वतःच्या घरी पाळणा नाही. मुलगी यायच्या आधीची गोष्ट; लग्नाला दहा वर्षं झाली होती. नवरा रिक्षा चालवायचा. घर कॅथलिक, तरी सासू गुपचूप राजूरच्या गणपतीला नवस बोलून आलेली. बाई म्हणायच्या, "सासूबाईंनी दोन्हीकडं अर्ज टाकलाय. बघू, कोणतं ऑफिस आधी उघडतं."

उघडलं मुंबईचं. तिथले डॉक्टर म्हणाले, टेस्ट ट्यूबनं जमेल. बाईंनी त्याच आठवड्यात लोकर आणली आणि इवलासा मोजा विणायला घेतला. मग फादरना विचारायला गेल्या. फादर प्रेमळ माणूस. बायको नाही, मूल नाही. या विषयात अधिकारानं बोलायला आणखी काय लागतं? म्हणाले, "मूल ही देवाची देणगी आहे, आपला हक्क नाही. प्रयोगशाळेत नको. दत्तक घ्या."

"देणगी तर देणगी," बाई म्हणाल्या. "पण फादर, पावती दर साली शेजारणीच्याच नावानं कशी फाटून राह्यली?"

मी तेव्हा बाविशीची, महिला मंडळाची पत्रकं लिहिणारी. रविवारी चर्चच्या फाटकात उभी राहून एक पत्रक वाटलं: 'गर्भाशय बाईचं, निकाल फादरचा?' बाईंनी एक घेतलं, घडी घातली आणि बालवाडीच्या डुलत्या टेबलाच्या पायाखाली सारलं. "बघ पत्रकवाले, बराबर कामाला आलं."

मुंबईला जायचं नाही म्हणाल्या, म्हणून मी भांडले. बाई म्हणाल्या, "डॉक्टरला इचारलं मी. चार-पाच गर्भ करतेत, एखादा ठेवतेत. बाकीच्यांचं काय, तर म्हणे ते आमच्यावर सोडा. मला लेकरू पाहिजे गं. पण एकाला घरात घ्यायचं अन् बाकीच्यांना दारातून हाकलायचं, हे माझ्याच्यानं न्हाई व्हायचं."

बोलताना त्या विणलेला मोजा उसवत होत्या. मला तो निर्णय तेव्हा पटला नाही, आजही पटत नाही.

सिस्टरांच्या अनाथालयातून तान्ही मुलगी मिळाली. मग त्या काळच्या कायद्याची पाळी. वकील म्हणाले, ख्रिश्चनांना दत्तक घेता येत नाही. फक्त पालक होता येतं, तेही मूल अठराचं होईपर्यंत. म्हणजे धर्म म्हणतो दत्तकच घ्या, कायदा म्हणतो तेवढं सोडून बोला. दोघांचं एकमेकांशी बोलणं नसावं.

"पालक?" बाई म्हणाल्या. "मंग वकीलसाहेब, मेथी कोणाला देतेत?"

वकील खूप हसले. कोर्टाच्या पायरीवर मात्र बाईंनी पोरीला इतकं आवळून धरलं की ती रडायला लागली. "अठराची झाली की मी हिची कोण गं?" त्यांनी मला विचारलं. यावर माझ्याकडे पत्रक होतं. वाटलंही. कायदा तेव्हा काही हलला नाही.

पोरीला यातलं काहीच माहीत नव्हतं. एकदा भर पालकसभेत ती दारातून ओरडली, "आई, शी आली!" बाई हजेरी टाकून उठल्या. "घ्या, लागला निकाल," म्हणाल्या.

पोर तिसरीत असताना बाई काविळीनं गेल्या.

पुढच्याच महिन्यात शाळेची पालकसभा होती. नवरा म्हणाला, "ताई, तुम्ही जा. तिच्या जागी बसणं माझ्याच्यानं होणार न्हाई." तो फाटकाबाहेर रिक्षातच बसून राहिला. आत एका बाजूला मुलं, दुसऱ्या बाजूला आमच्याच गल्लीतल्या बाया. गुरुजींनी पोरीचं नाव घेतलं आणि विचारलं, "पालक?"

मी तोंड उघडणार, तोच ती मुलांच्या रांगेतून उठली आणि बायांकडे आली. जुन्या बायांनी सरकून जागा केली. ती बसली, "हजर" म्हणाली, आणि उठून परत आपल्या जागी गेली.